दोघा भावांची लांब कैची

हळूदादा हे नाव त्याला क्रेनवाल्याने दिलं आणि ते असं चिकटलं की त्याच्या सासूबाईसुद्धा जावयाला हळूदादाच म्हणायला लागल्या. नाव काही उगाच पडलं नव्हतं. क्रेनच्या हुकाला माल अडकला की हा समोर उभा राहायचा, एक हात छातीशी, दुसरा वर, आणि तोंडाने एकच जप: "हळू... हळू... अजून हळू." केबिनमध्ये इंजिनाच्या धडधडीत त्याचा आवाज पोचणं शक्यच नव्हतं. क्रेनवाला बघायचा ती त्याची बोटं. तरी हा म्हणायचाच. त्याच्या लग्नाच्या फोटोत सगळं गणगोत दात काढून हसतंय आणि नवरामुलगा तेवढा फोटोवाल्याच्या पायांकडे टक लावून बघतोय. फोटोवाला ज्या स्टुलावर चढला होता, ते डुगडुगत होतं.

हळूदादा होता रिगर. जड वस्तू हुकाला कशी बांधायची, कुठे बांधायची, ती हवेत असताना कुणी कुठे उभं राहायचं नाही, हे सगळं रिगरने बघायचं. त्यातही त्याचा हात बसला होता कैच्यांवर. गोदामाच्या नाहीतर कारखान्याच्या मोठ्या छताखाली लोखंडी त्रिकोणांची जी लांबलचक चौकट असते, तिला साइटवर कैची म्हणतात. ही मोठी विचित्र चीज. जागेवर बसली की अख्खं छत डोक्यावर घेऊन वर्षानुवर्षं हूं की चूं करणार नाही. पण जागेवर बसेपर्यंत तिचे नखरे सांभाळावे लागतात. जितकी लांब, तितकी नाजूक. कुणी नवा माणूस टोळीत आला की हळूदादा त्याला सांगायचा, "शाळेतली पट्टी आठव. दोन्ही टोकं आत दाबली की कशी मधेच पोट काढते? तशीच ही." हुकातून दोन दोर तिरपे खाली आणून कैचीला बांधले, तर ते तिला नुसते उचलत नाहीत, दोन्हीकडून आत दाबतात. लांब कैची मग हवेतच कुशीवर वाकते, आणि एकदा वाकली की संपलं. म्हणून मधे एक जाडजूड लोखंडी दांडी लागते. हूक दांडीला धरतो, दांडीवरून दोर सरळ उभे खाली येतात, कैचीला कुणी दाबत नाही. साइटवर त्या दांडीला नुसतं 'आडवी' म्हणत. हळूदादाच्या कामाचा पहिला नियम तोच होता. आधी आडवी, मग कैची.

ताकही फुंकून पिणाऱ्या या माणसाचा सख्खा भाऊ मात्र नेमका उलटा. लहानपणापासून एका जागी टिकेल तर शपथ. शेजारीपाजारी म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. पुढे बोलण्यातला पाय गळून गेला आणि नाव नुसतं भिंगरी उरलं. कामधंद्याचं जमेना तेव्हा आईने थोरल्याला सांगितलं, "तुझ्याबरोबर ने. तुझ्या नजरेसमोर राहिला की मला झोप लागेल." हळूदादाने नेला. भिंगरी कामात तरबेज निघाला, हे थोरल्यालाही कबूल करावं लागलं. गाठ बघून सांगायचा, ही सरकणार. वारा अंगाला लागायच्या आत त्याला कळायचा. आणि उंचीवर तर असा वावरायचा की खालून बघणाऱ्याने डोळेच मिटून घ्यावेत. थोरला खालून ओरडायचा, "बेल्ट अडकव!" धाकटा वरून बेल्टचा हूक दाखवायचा, अडकवलेला असायचाच. "दादा, मी वेडा आहे, मूर्ख नाही," असं तो म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

घर एकच होतं. दोन खोल्या, पुढे अरुंद गॅलरी, गॅलरीत पाण्याचं पिंप. आतल्या खोलीत हळूदादा आणि त्याची बायको; घरात तिला थोरली म्हणत. त्यांना मूलबाळ नव्हतं. बाहेरच्या खोलीत पडदा लावून भिंगरी, त्याची बायको धाकटी आणि त्यांची एवढीशी पोर. आई दोन्ही खोल्यांच्या मधल्या दाराशी गादी टाकायची, म्हणजे कुणीही उठलं तरी तिला ओलांडूनच जाई. "मी या घराचा वॉचमन," म्हणायची. संध्याकाळी दोघे भाऊ परत आले की धाकटा साइटवरच्या गमती नकला करून सांगायचा आणि थोरला मधेमधे "एवढं नव्हतं काही" म्हणत राहायचा. पोर बापाच्या खांद्यावर बसून काकाकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "हलू!" सगळे हसायचे. हळूदादाही हसायचा.

त्या वर्षी त्यांची टोळी एका मोठ्या गोदामावर होती. इतक्या लांब कैच्या हळूदादानेही आधी उचलल्या नव्हत्या. पण काम नीट चाललं होतं. कैची जमिनीवर जोडायची, आडवीला चार ठिकाणी टांगायची, दोन्ही टोकांना लगामाचे दोर लावून दोन माणसं उभी करायची, म्हणजे वर गेल्यावर ती गिरकी घेणार नाही. मग इंचाइंचाने वर. खांबावर टेकली की लगेच शेजारच्या कैचीशी आडव्या पाइपांनी बांधायची, आणि बांधून होईपर्यंत हूक सोडायचा नाही. एकटी कैची म्हणजे पहिल्यांदा सायकलवर बसलेलं पोर. शेजारणीचा आधार मिळेपर्यंत मागची पकड सोडायची नसते. असं करत करत गोदामाचं एक टोक संपत आलं. शेवटच्या थोड्या कैच्या राहिल्या होत्या.

त्या दिवशी सकाळी हळूदादा नेहमीप्रमाणे आडवीवरून हात फिरवत होता. दोर अडकवायच्या एका कडीच्या मुळाशी त्याच्या नखाला काहीतरी लागलं. केसासारखी बारीक रेघ. वेल्डिंगला चीर गेली होती. त्याने खडूने तिथे मोठी फुली मारली, आडवी बाजूला ओढून ठेवली आणि साइटच्या इंजिनिअर मॅडमना बोलावलं.

मॅडम वाकून बघत राहिल्या. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, ही वापरायची नाही."

"नाहीच वापरायची."

"दुसरी मागवते."

तिथवर सगळं बरोबर होतं. पण दुसरी आडवी होती कुठल्यातरी लांबच्या साइटवर, यायला दोन-तीन दिवस लागणार होते, आणि क्रेन त्या संध्याकाळी दुसरीकडे जायची होती. एकदा गेली की कधी परत येईल याचा नेम नाही. मॅडम फोन घेऊन खडीच्या ढिगाऱ्यामागे गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"वरून म्हणतात, लांब दोर लावा आणि आजच उरका."

"मॅडम, दोर लांब घेतले तर दाब कमी होतो, बरोबर. पण तेवढे लांब घ्यायला क्रेनचा आर्म उंच पुरत नाही."

"मी तेच सांगितलं त्यांना. तीनदा सांगितलं." त्या खाली बघत म्हणाल्या. "मला कळत नाही असं समजू नका. मला सगळं कळतं, दादा. पण मी नाही म्हटलं तर उद्या माझ्या खुर्चीवर हो म्हणणारा बसलेला असेल."

मग मुकादम आला. टोळी त्याची, माणसं त्याने आणलेली. त्याने हळूदादाच्या खांद्यावर हात टाकला. "बाबा रे, आयुष्यभर हळू हळू केलंस. आजचा एक दिवस चल ना जरा भराभर. वारा पडलाय, आभाळ स्वच्छ आहे. अजून काय पाहिजे तुला?"

"आडवी," हळूदादा म्हणाला.

"नाहीये ना ती!"

"मग कैची पण नाही."

मुकादमाने हात काढून घेतला. "तर मग घरी जा. उगाच उभा राहून बाकीच्यांचं डोकं फिरवू नकोस."

हळूदादाने हेल्मेट काढलं, डब्याची पिशवी उचलली आणि फाटकाशी जाऊन भावाची वाट बघत थांबला. भिंगरी आला, पण हात हलवत. पिशवी नाही, काही नाही.

"चल," थोरला म्हणाला.

"दादा, ऐक. तू गेलास म्हणून काही काम थांबत नाही. हे लोक कुणाला तरी हूक लावायला लावणारच. त्या लगामवाल्यांपैकी एकाला पुढे करतील, त्याला गाठसुद्धा धड येत नाही. त्यापेक्षा मी करतो. वरच्या कडेला पाइप बांधून ताठ करतो, दोर जमतील तेवढे लांब घेतो. मला निदान कळतं तरी, कुठे काय होऊ शकतं."

"कळतं तर चल."

"आणि ते पडले तर? ती पण माणसंच आहेत की."

उत्तर नसलं की हळूदादाला राग यायचा. एरवी त्याला राग येत नसे. तो म्हणाला, "मग लाव. लाव तुझा हूक." आणि निघाला.

घरी पोचल्यावर त्याला उगाचच हलकं वाटत होतं. आपण बरोबर केलं, असं त्याने थोरलीला सांगितलं. तीही म्हणाली, बरोबर केलंत. आईने विचारलं, "धाकटा कुठाय?" तो म्हणाला, "येईल संध्याकाळी." मग त्याने गॅलरीतला गळका नळ उघडला, वायसर बदललं, पुन्हा बसवला. पोर शेजारी बसून पाना-पक्कड उचलून देत होती. दुपार कलली तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. क्रेनवाला होता. त्याच्या अंगावर साइटचेच कपडे होते आणि हातात क्रेनची किल्ली होती. ती खिशात ठेवायचंसुद्धा त्याला सुचलं नव्हतं.

क्रेनवाल्याने जे सांगितलं ते असं. भिंगरीने बोलल्याप्रमाणे सगळं केलं होतं. पाइप बांधले, दोर पुन्हा पुन्हा तपासले, खालची जागा रिकामी करवली. पहिली कैची वर गेली, बसली. सगळ्यांना हायसं वाटलं. मुकादम तर म्हणाला, बघा, उगाच बाऊ केला होता. दुसरी अर्ध्यावर असताना वारा आला. फार नाही, कपडे वाळत घातले तर हलतील इतपत. भिंगरी तेव्हा पहिल्या कैचीच्या टोकाशी वर होता, दुसरी आली की बांधायला. बेल्ट अडकवलेला होता. हवेतली कैची मधेच वाकली, अंग चोरल्यासारखी वाकली, आणि वळून पहिलीवर आदळली. पहिलीचे पाइप अजून एकाच बाजूला, आधीच्या कैचीशी, बांधून झाले होते. दोन्ही खाली आल्या. बेल्ट शाबूत होता. तो ज्या लोखंडाला अडकवला होता तेच खाली आलं.

"मी मूठ बघत होतो," क्रेनवाला पुन्हा पुन्हा म्हणत होता, "थांब म्हणून मूठ आवळलेली दिसेल म्हणून मी खालच्या माणसाकडे बघत होतो. त्याने आवळलीच नाही रे. तो तोंड उघडं टाकून वर बघत राहिला."

भिंगरी वाचला. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, कमरेखालचं शरीर आता त्याचं राहिलेलं नाही. आई तेव्हा बाकावर बसली होती. तिने रडारड केली नाही. थोरल्याकडे बघून म्हणाली, "तुला कळलं होतं?"

"हो, आई."

"कळलं होतं आणि तू एकटा घरी आलास."

"मी त्याला चल म्हणालो. तो आला नाही."

"कानाला धरून आणायचं. तुझ्या नजरेसमोर दिला होता ना मी."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. म्हणजे भांडण नाही, तंटा नाही. जेवणाची वेळ झाली की थोरलीला म्हणायची, "त्याला सांग, पान वाढलंय." तो समोर बसलेला असायचा. नातेवाईक भेटायला यायचे आणि परत जाताना जिन्यात कुजबुजायचे. एकदा त्याने ऐकलं, धाकटीची मावशी म्हणत होती, "थोरल्याने हात वर केले आणि मोकळा झाला." हात वर करण्यातच त्याची उमर गेली होती, इशारा देण्याशिवाय तो दुसरं काही शिकलाच नव्हता. तो जिन्यातच पायरीवर बसून राहिला.

पुढे चौकशी लागली. एका बंद खिडक्यांच्या ऑफिसात लांब टेबल होतं. एका बाजूला चौकशीचे साहेब, दुसऱ्या बाजूला कंपनीचा वकील. हळूदादाला वाटलं होतं, जे घडलं ते सांगायचं, झालं. पण वकिलाने एकच प्रश्न पुढे ठेवला: "आडवी नसताना उचलणं धोक्याचं आहे, हे तुमच्या भावाला माहीत होतं की नव्हतं?"

इकडे आड, तिकडे विहीर. माहीत होतं म्हणावं, तर भावाने जाणूनबुजून धोका पत्करला आणि भरपाईचा हक्क गेला. नव्हतं म्हणावं, तर ते सांगायचं काम वरिष्ठ रिगरचं होतं आणि तो पाळी सोडून घरी निघून गेला होता. कंपनी दोन्हीकडून सुटत होती. आयुष्यात पहिल्यांदा हळूदादाने खोटं बोलायचं ठरवलं. दोष आपल्या अंगावर आला तर निदान भावाच्या वाट्याला काहीतरी उरेल, असा त्याचा हिशेब.

"त्याला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी सांगितलं नाही. मी चिडलो होतो, तसाच निघून गेलो."

वकिलाने मान हलवली आणि दवाखान्यात घेतलेला भिंगरीचा जबाब वाचून दाखवला. भिंगरीने पडल्या पडल्या सांगितलं होतं: दादाने सगळं सांगितलं होतं. दादानेच शिकवलंय मला. तो टाकून गेला असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. मला सगळं माहीत होतं, मी माझ्या मर्जीने थांबलो.

दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला वाचवायचंय तर ते त्याला कळता कामा नये. आता एक म्हणे सांगितलं, दुसरा म्हणे नाही सांगितलं. दोघांचेही शब्द मातीमोल झाले. मॅडमनी खरं सांगितलं होतं, आपण वर तीनदा नाही म्हणालो होतो म्हणून. पण फोनवरचं ते 'नाही' ऐकलं होतं कुणी? त्यांची बदली झाली. जाण्याआधी त्या एकदा दवाखान्यात आल्या, हातात सफरचंदांची पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहिल्या, भिंगरी झोपलेला बघून पिशवी धाकटीच्या हातात दिली आणि गेल्या. निकालात शेवटी एवढंच आलं, की बांधणीत रिगरची चूक झाली; भरपाई नाही.

हळूदादाला रिगर म्हणून कुणी उभं करेना. खोटा जबाब देणारा आणि टोळी सोडून पळणारा, अशी दुहेरी ख्याती झाली होती. तो एका भंगाराच्या गोदामात माल चढवायला लागला.

भिंगरीची खाट बाहेरच्या खोलीत मांडली. पडदा काढला. सुरुवातीला त्याची जीभ तशीच होती. कुणी भेटायला आलं की म्हणायचा, "मला आता काळजी नाही. पडून झालंय, अजून कुठे पडणार?" येणारा हसावं की रडावं या पेचात पडायचा. सकाळ-संध्याकाळ थोरला त्याला उचलून कूस बदलायचा. अंगाखालच्या चादरीचं एक टोक तो धरी, दुसरं थोरली, पायाकडचं धाकटी. तरीही पाठीला जखमा झाल्याच. भरल्या, पुन्हा झाल्या. हळूहळू गमती आटल्या. पोर आधी खाटेवर चढून खेळायची. मग वासामुळे लांब उभी राहायला लागली, आणि ती लांब उभी राहते हे भिंगरीच्या लक्षात आलं.

एका दुपारी धाकटीचा भाऊ आला. भिंगरीनेच त्याला निरोप धाडून बोलावलं होतं. धाकटी आधी चिडली, मग रडली. "मला हाकलताय?"

"हाकलत नाहीये. पोरीला शाळेत घाल. तिकडे शाळा जवळ आहे."

"आणि तुमचं?"

"माझं बघायला हे अख्खं घोडदळ आहे की."

ती निघाली तेव्हा दारात हळूदादापाशी थांबली. "भाऊजी, मी तुम्हाला कधी बोलले नाही. बोलणार पण नाही. पण तुमच्यासमोर बसून जेवताना माझा घास फिरतो." तिने पोरीचा हात धरला आणि जिना उतरली. हळूदादा तिची बॅग खाली पोचवायला गेला. तिने ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच नेली.

त्यानंतर दिवसभर खोलीत आई, थोरली आणि भिंगरी. संध्याकाळी हळूदादा यायचा, हातपाय धुऊन खाटेशी बसायचा. बोलणं फारसं होत नसे. एकदा मात्र जखमा धुताना भिंगरी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "दादा, तू 'मग लाव' म्हणालास ना, त्याचा मला राग नाही."

हळूदादाचा हात थांबला.

"धू, धू. थांबू नको, गार लागतं. राग नाही, खरंच. पण तू निघालास तेव्हा मी फाटकाशीच उभा होतो. म्हटलं, हा कोपऱ्यावर गेला की एकदा वळून बघेल. वळला तर जाऊ आपण याच्यामागे. खड्ड्यात गेली कैची. तू नाही वळलास. नाकासमोर चालत गेलास. तुझं चालणं नेहमी तसंच."

हळूदादाने जखमा धुतल्या, कोरड्या केल्या, औषध लावलं, पट्टी बांधली. मग गॅलरीत गेला आणि पिंपाला टेकून उभा राहिला. थोरली मागून आली, काय झालं म्हणून विचारलं. त्याला सांगता आलं नाही. तिलाच काय, कुणालाच तो हे कधी सांगू शकला नाही.

भिंगरी गेला तो साध्या तापाने. म्हणजे लोकांना सांगताना तसं सांगितलं. खरं तर जखमांचं विष अंगात भिनलं होतं. शेवटी शेवटी तो कुणाला ओळखत नव्हता. धाकटी पोरीला घेऊन आली आणि सगळं उरकल्यावर परत गेली. पोर आता मोठी दिसत होती. काकाला तिने ओळखलं की नाही, कळलं नाही. आईने त्या दिवशी खाट उचलू दिली नाही. आजही ती तिथेच आहे. आई दुपारी तिच्या कडेला टेकते आणि भिंतीकडे बघत बसते. थोरलीला म्हणते, "त्याला सांग, दिवा लागत नाहीये." हळूदादा उठून बल्ब बदलतो.

बरीच वर्षं गेल्यावर क्रेनवाल्याच्या ओळखीने एक काम चालून आलं. क्रेनवाल्याने स्वतः क्रेन केव्हाच सोडली होती, तो आता एका शाळेची बस चालवत होता. काम होतं बाजाराच्या नव्या शेडचं. लांब कैच्या होत्या, आणि हळूदादासारखा माणूस मिळत नव्हता. जुन्या गोष्टी लोक विसरले होते किंवा विसरल्यासारखं करत होते. हळूदादा नको म्हणाला. थोरली म्हणाली, भंगार उचलून तुमची कंबर गेलीय, जा. तो गेला.

तिथे सगळं होतं. नवीकोरी आडवी, कड्या तपासलेल्या. दोर, पट्टे, लगाम. वारा मोजायचं यंत्र खांबावर फिरत होतं. साहेब म्हणाले, "तुमचं समाधान झाल्याशिवाय उचलायचं नाही." हळूदादाने सगळ्यावरून हात फिरवला. कैची टांगली. जमिनीपासून वीतभर उचलून थांबवली, डोळे बारीक करून तिची वरची कड बघितली. सरळ. लगामवाल्यांना जागा दाखवल्या, खालून माणसं हटवली. मग समोर उभा राहून हात वर केला. बोटं आपोआप फिरायला लागली. कैची वर गेली, न फिरता, न वाकता, भिंतीवरच्या तसबिरीसारखी सरळ. खांबांवर टेकली. पाइप बांधले गेले. हूक सुटला.

बस, एवढंच. कुणी चहा प्यायला बसावं आणि उठावं, तेवढ्यात झालं. काही अवघड नव्हतं. त्या दिवशीही नव्हतं. दोन-तीन दिवस थांबायचं होतं फक्त. हळूदादा वर बघत राहिला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी शाबासकीचा अंगठा वर केला. त्याला कधीतरी वाटलं होतं, पुन्हा एकदा नीट कैची बसवली तर छातीवरचा दगड थोडा सरकेल. दगड होता तिथेच होता. उलट त्याचं वजन किती, तेही आता नेमकं कळलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीला बसले. बोल्ट आवळणारा एक फिटर होता, सतत खोकणारा, बोलका. तो डब्याचं झाकण उघडत म्हणाला, "दादा, किती जपून करता हो! तुम्ही कधी पडलेली बघितलीय का कैची?"

"नाही," हळूदादा म्हणाला. "मी नव्हतो तिथे."

फिटरला ते उत्तर जरा विचित्र वाटलं, पण भूक लागली होती, तो जेवायला लागला. हळूदादाही जेवला. मग डबा धुतला, पालथा घालून पाणी निथळू दिलं, आणि दुसऱ्या कैचीकडे गेला. ती जमिनीवर जोडून तयार होती.